दुसऱ्याचं उत्तर

"ताई, मी बारा म्हणालो होतो. तुम्ही वीस लिहिलंत."

एवढंच. ना नमस्कार, ना कशा आहात. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी धुतलेल्या चादरीची घडी घालत होते. एक टोक हनुवटीखाली, दोन टोकं दोन हातांत आणि फोन मान तिरकी करून खांद्यावर दाबलेला. अशा अवस्थेत माणसाला शहाणपणाचं उत्तर सुचत नाही. मी म्हणाले, "अहो, पण तुम्ही पास झालात ना?" आणि म्हणता म्हणताच कळलं, की आपण आत्ता गुन्हा कबूल केला. एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते. माणसं कशी कबूल होतात ते रोज समोर बघितलंय. सरळ 'हो' कुणी म्हणत नाही, 'पण' म्हणतात. मग तो म्हणाला, "म्हणजे चुकून नाही झालं. मला वाटत होतं चुकून झालं असेल." आणि त्यानं फोन ठेवला. चादर जमिनीवर पडली होती. ती झटकून मी पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला घेतली, आणि ती काही केल्या सरळ येईना.

त्याला मी मनातल्या मनात लिफ्टवाला म्हणते. चाळिशीचा आहे. बत्तिसाव्या वर्षापर्यंत उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. मग तीन वर्षांत डोळे गेले, आधी कडेकडेनं आणि शेवटी मधलं. आता एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर बसतो. कानानं आणि तोंडानं करता येतील अशी कामं शोधली तर फोन आणि वकिली ही दोनच सापडली, पैकी एक करतोच आहे, असं तो सांगतो. म्हणून कायद्याला बसला. डोळ्यांनी दिसत नसलेल्या उमेदवाराला परीक्षेत लेखनिक मिळतो, म्हणजे तो सांगणार आणि दुसरं कुणीतरी लिहिणार. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी. निवृत्त झाल्यावर आमचे हे आणि मी दिवसभर एकमेकांच्या पायात यायला लागलो, तेव्हा वाचनालयातल्या फलकावर 'स्वयंसेवी लेखनिक हवेत' अशी चिठ्ठी दिसली आणि मी नाव दिलं. नियम दोनच होते. उमेदवार सांगेल तेच लिहायचं, त्यात काडीची भर घालायची नाही. आणि लेखनिकाकडे त्या विषयाची पदवी नसावी. माझ्याकडे कायद्याची पदवी नाही, तसं मी अर्जात खरं लिहिलं. पण एकतीस वर्षं रोज सहा तास कायदा कानावर पडला, तर तो कोर्टाच्या भिंतींनाही येत असेल, मी तर जिवंत बाई. हे अर्जात विचारलेलं नव्हतं.

मालमत्तेच्या कायद्याचा पेपर होता. शेजाऱ्याच्या जागेतून जायची वाट किती वर्षं विनाअडथळा वापरली म्हणजे ती वापरायचा हक्क मिळतो, असा प्रश्न. वीस वर्षं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, कारण त्या वीस वर्षांपायी किती भाऊ, किती शेजारी आणि किती कुंपणं माझ्या बोटांखालून गेली त्याला गणती नाही. तो म्हणाला बारा. दुसऱ्याची जागा बळकावून बसणाऱ्याची वर्षं त्यानं इथं आणून चिकटवली. नेहमीची चूक, नवे वकीलसुद्धा करतात. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. इस्पितळातली पाळी संपवून तो तडक परीक्षेला आला होता, डब्यातलं काही खाल्लं नव्हतं. समोरची पर्यवेक्षक बाई खिडकीतून बाहेर बघत होती. आणि माझ्या हातानं वीस लिहिलं. माझ्या हातानं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते, जणू हात शेजारच्या घरातून मागून आणलेला होता. खरं म्हणजे मी विचार करून लिहिलं, आणि लिहिताना छातीत असं ऊबदार काहीतरी पसरलं. लोकांची कामं फुकट करण्याचे जे काही तोटे आहेत, पंखा नसलेल्या खोल्या, आखडलेली बोटं, साधे आभारही न मानता काठी टेकत निघून जाणारे उमेदवार, ते सगळे मी सहन केले होते. सगळ्यात मोठा तोटा मात्र कुणी सांगितला नव्हता. आपण चांगले आहोत असं आपल्याला वाटायला लागतं.

तो बेचाळीस गुणांनी पास झाला. चाळीस लागतात. त्या उत्तराला सहा होते. साठाची अपेक्षा असलेल्या माणसाला बेचाळीस मिळाले, तेव्हा आपलं कुठं बिघडलं ते बघायला त्यानं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि बायकोला वाचायला बसवलं. चौथ्या उत्तरापाशी त्यानं तिला थांबवलं असणार. ते थांबणं मला त्या दिवसभर दिसत राहिलं. भाजी चिरताना, नळ बंद करताना, लाजेनं कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या. लाज वाटत होती आणि रागही येत होता. मी ज्याच्यासाठी एवढं केलं तो माझी चूक दाखवतो! करायला गेले एक आणि झालं भलतंच. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे बस डेपोत वेळनोंदणीला होते, गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली ते लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझ्या या उद्योगाला ते पहिल्या दिवसापासून लष्कराच्या भाकऱ्या म्हणत आले आहेत. मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "आमच्याकडे एक भला माणूस होता. उशिरा आलेली गाडी वेळेवर आली असं लिहायचा. ड्रायव्हर बिचारे वाचायचे. दोन वर्षांनी वरून विचारणा आली, सगळ्या गाड्या वेळेवर येतात तर मधे चहाला दहा मिनिटं कशाला ठेवलीत? चहा बंद झाला. सगळ्यांचाच." मग चष्मा लावून मला म्हणाले, "जाऊन भेट त्याला. फोनवर नको."

जाण्यापूर्वी मी तीन दिवस टाळलं. त्या तीन दिवसांत जी एक बाई मला सारखी आठवत राहिली तिचं नाव मला कधीच लक्षात ठेवता आलं नाही, चेहरा मात्र गेला नाही. नोकरीचं सातवं वर्ष असेल. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती, अंगावर धुऊन धुऊन विटलेलं पण इस्त्री केलेलं लुगडं. वकिलानं तिच्या हातात कागद दिला आणि विचारलं, हा कागद वाचून तुम्ही सही केली होती का? तिनं कागद समोर धरला, ओळींवरून नजर फिरवली आणि मान ताठ करून म्हणाली, "हो. वाचून केली." कागद उलटा होता. न्यायाधीश फाइलीत बघत होते, वकील न्यायाधीशांकडे बघत होता, तिचा स्वतःचा वकील घड्याळ बघत होता. उलटा कागद माझ्या खुर्चीवरून फक्त मला दिसला. वाचता येत नाही हे भर कोर्टात सांगायची तिला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी तिचं राहतं घर गेलं. मी टाइप केलं : होय, वाचून सही केली. अगदी बरोबर टाइप केलं. लघुलेखकानं बोलायचं नसतं, आणि मी बोलले नाही. घरी येऊन ह्यांच्यावर विनाकारण खेकसले, मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मला वाटायचं हे मागं पडलं. पण लिफ्टवाला बारा म्हणाला आणि मला तो उलटा कागद दिसला. या खेपेला मी तो सुलटा करून दिला, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, औषधांच्या गोदामाशेजारी टेलिफोनची खोली आहे. त्यानं माझी पावलं ओळखली, की चपलेचा आवाज, देव जाणे. "बसा ताई," म्हणाला, "डावीकडे स्टूल आहे. त्यावर पुस्तकं असतील तर खाली ठेवा." मी सगळं सांगितलं. कोर्टातली बाई, उलटा कागद, वीस, बारा, सगळं. तो मधून मधून फोन घेत होता. "नमस्कार, कुठला विभाग? हाडांचा? जोडतो. हं, ताई, बोला." माझ्या आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट मी हाडांच्या विभागाच्या आणि रक्तपेढीच्या मधे मधे सांगितली. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "वाईट वाटलं. पण ताई, त्या बाईचं देणं तुम्ही मला का दिलंत? मी मागितलं होतं?" तो पुढं म्हणाला, "माझ्या घरी माझ्या ताटातला घास मला दिसत नाही म्हणून माझी बायको तो माझ्या तोंडात घालत नाही. रस्त्यात लोक न विचारता दंड धरून पलीकडे नेतात. मला पलीकडे जायचंच नसतं हो! मग मी परत अलीकडे येतो. त्यात वेळ जातो." मला हसू आलं, आणि हसायची लाज वाटली, आणि त्याला माझं हसू ऐकू आलं. "हसा," तो म्हणाला, "ते विनोदीच आहे. हे नाहीये."

त्यानं ठरवलं होतं. परीक्षा विभागाला जाऊन सांगायचं, हे उत्तर माझं नाही. मी हादरलेच. म्हटलं, "अहो, कॉपी केली असं धरतील. दोन वर्षं बसू देणार नाहीत. कुणाला कळलंय? तुम्ही, मी आणि तुमच्या घरचे." त्यानं कानावरचं फोनचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "मला कळलंय ना. उद्या मी कोर्टात उभा राहणार, साक्षीदाराला म्हणणार, खरं बोला. आणि माझ्या पदवीतले सहा गुण दुसऱ्याचे. लिफ्टचं काम करताना एक शिकलो. लिफ्ट धरून ठेवणारा खटका बसला नसताना बसला असं वरच्याला सांगायचं नाही, खाली माणसं असतात." त्याचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं होतं तो माझ्यावर चिडलाय. तो घाबरलेला होता. दोन वर्षं म्हणजे त्याला किती, हे तोही जाणत होता. भीती वाटत असूनही त्याला जायचंच होतं, आणि हा माणूस माझ्यामुळे सगळं घालवून बसणार होता. मी म्हणाले, "मग मीपण येते. लिहिणारी मी आहे."

मुलीला हे कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "आई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! फुकट काम करायचं, वर चौकशी मागून घ्यायची?" तिचंही चूक नव्हतं. नातीच्या पोहण्याच्या शर्यतीला मी गेले नव्हते, कुणाचा तरी भूगोलाचा पेपर होता. तिच्या सासूबाई पडल्या तेव्हा मी कुणाच्या तरी इतिहासात होते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं ती माझ्या तोंडावर म्हणाली होती, आणि माझ्या विहीणबाई खरंच तिच्या घरात पडून असल्यामुळे मला धड हसताही आलं नव्हतं. मी कबूल करते, की परक्यांसाठी केलेलं काम घरच्या कामापेक्षा गोड लागतं. घरी कुणी 'आल्याबद्दल आभार' असा कागद देत नाही. ही माझी हाव होती, आणि तिची किंमत मुलीनं मोजली होती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "चौकशीला जाताना ती निळी साडी नेस. त्या करड्या साडीत तू आधीच दोषी दिसतेस."

परीक्षा विभागात तीन जणांची समिती बसली होती, आणि त्यांच्या बाजूला लहान टेबलापाशी एक टंकलेखक मुलगी, बोटं यंत्रावर तयार ठेवून. एकतीस वर्षं मी त्या टेबलापाशी होते, आणि समोरच्या खुर्चीत कसं वाटतं हे मला ठाऊकच नव्हतं. खुर्ची उंच होती, पाय नीट टेकत नव्हते. मधल्या अधिकारी बाईंनी विचारलं, "उमेदवारानं सांगितलेला आकडा तुम्ही बदललात?" जिभेवर किती 'पण' आले! पण तो थकलेला होता, पण तो उपाशी होता, पण मला आकडा माहीत होता, पण माझ्या मनात चांगलंच होतं. त्या मुलीची बोटं वाट बघत होती. मला जाणवलं, की ही मुलगी मी जे म्हणेन ते लिहील, माझं तोंड बघून त्यात बरंवाईट काही घालणार नाही, आणि तिच्या त्या कोरड्या बोटांत माझ्याबद्दल केवढा तरी मान आहे. कोर्टातल्या त्या बाईलाही मी तेवढाच दिला होता, कदाचित. पुरेसा नव्हता तो, हेही खरंच. मी म्हणाले, "होय. बदलला. जाणूनबुजून." यंत्र वाजलं. बस, तेवढंच वाजलं. मला एकदम हलकं वाटलं, इतकं की मी त्या उंच खुर्चीत पाय हलवायला लागले, आणि मग वय आठवून थांबले.

अधिकारी बाई म्हणाल्या, "आमच्याकडे गुण कमी पडले म्हणून लोक येतात. जास्त पडले म्हणून आलेले तुम्ही पहिलेच." दोन वर्षांची बंदी घातली नाही. पेपर रद्द झाला, दोन महिन्यांनी पुन्हा द्यायचा. मला लेखी ताकीद, आणि यादीतून वर्षभर नाव बाद. ते ऐकून मी मान खाली घातली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात लिफ्टवाला म्हणाला, "मला लेखनिक निवडता येतो ना? मग मला ह्याच हव्यात." समितीतला एक म्हातारा गृहस्थ खुर्चीत पुढं सरकला. "ह्यांच्याच हातून? पुन्हा?" "दुसरं कुणी आलं तर ते काय चूक करतील मला माहीत नाही," तो म्हणाला. "ह्यांची चूक मला पाठ आहे." म्हातारा मोठ्यानं हसला. अधिकारी बाईंनी हसू दाबत सही केली, आणि पर्यवेक्षकानं प्रत्येक पान तपासावं असा शेरा मारला.

मग दोन महिने मी आठवड्यातून तीन दुपारी त्या तळमजल्यावरच्या खोलीत गेले. तो अभ्यास करायचा आणि मला शिकवायचा. काय शिकवायचा, तर चुकीचं लिहायला. "लिहा ताई : पृथ्वी चौकोनी आहे." मी लिहायचे. "लिहा : नवरा नेहमी बरोबर असतो." इथं माझा हात अडला आणि त्याला पेन थांबलेलं ऐकू आलं. "थांबलात! वीस सेकंद वजा." लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, पण चुकीच्या शब्दावर आवाज रेंगाळता कामा नये. ते सगळ्यात कठीण. माणसाचा आवाज किती चुगलखोर असतो ते मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. पहिल्या आठवड्यात तो माझ्या नुसत्या श्वासावरून कुठं चुकलंय ते ओळखायचा आणि रागवायचा, "तुम्ही नाकानं उत्तर सांगताय!" घरी मी ह्यांना वर्तमानपत्र सपाट आवाजात वाचून दाखवायला लागले. हे म्हणाले, "अपघात आणि लॉटरी एकाच सुरात? बरी आहेस ना?" पण हळूहळू जमलं. आणि जमलं तेव्हा एक गंमत झाली. मी त्याचं म्हणणं ऐकायला लागले. आधी मी ते तपासत होते.

परीक्षेच्या दिवशी नातीला सांभाळायचं मी कबूल करून बसले होते, कारण मुलीला त्याच सकाळी नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. तारखा जुळल्या तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. ह्यांनी नातीचं दप्तर खांद्याला लावलं, टोपी घातली आणि दारात उभे राहून म्हणाले, "साडेआठला निघतोय, बाराला परत. लिहून ठेव." मग जिन्यावरून खाली जाता जाता ओरडले, "आणि तो सांगेल तेच लिही!" शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती, एक लांब टेबल, दोन खुर्च्या, आणि समोर एक तरुण पर्यवेक्षक, ज्याला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं आणि जो ते डोळे फाडून करत होता. तिसऱ्याच प्रश्नाला ते झालं. कुणी कुणाला वस्तू भेट दिली, पण घेणारा ती स्वीकारायच्या आधीच वारला, तर ती भेट कुणाची? लिफ्टवाला म्हणाला, "ती त्याच्या वारसांकडे जाते." नाही जात. ती भेटच राहत नाही. मला माहीत होतं, पेनला माहीत होतं, मला वाटतं टेबलालासुद्धा माहीत होतं. चार गुणांचा प्रश्न. त्याच्या ओठावर तोच घाम होता. माझ्या दंडातून एक कळ निघून बोटांपर्यंत आली, खरीखुरी कळ, आणि मी लिहिलं : ती त्याच्या वारसांकडे जाते. स्वच्छ, ठळक, एकाही अक्षरात न डगमगता. तो म्हणाला, "वाचा." मी वाचलं. अपघात आणि लॉटरीच्या सुरात वाचलं. तो मान कलती करून ऐकत राहिला, माझ्या आवाजात काही सापडतंय का ते चाचपत. काही सापडलं नाही. "बरोबर," तो म्हणाला, "पुढं." चार गुण गेले. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम, आणि यातलं काहीही आवाजात उतरू द्यायचं नव्हतं.

शेवटचा प्रश्न मोठा होता. खालचं घर एकाचं, वरचं दुसऱ्याचं. वरच्या घराचा भार खालच्या भिंतीवर. खालच्याला ती भिंत पाडायची आहे. दोघांचे हक्क सांगा. वीस मिनिटं उरली होती. लिफ्टवाल्यानं दोन्ही हात टेबलावर असे ठेवले, एकावर एक, आणि बोलायला लागला. भिंत खालच्याची, पण तिच्यावर टेकायचा हक्क वरच्याचा; म्हणून खालच्यानं ती पाडायची नाही. पण खालच्यानं ती दुरुस्त करत बसावं असंही कुणी म्हणू शकत नाही. ज्याला आधार हवा त्यानंच आधाराची देखभाल करायची, स्वतःच्या हातानं, आणि त्यासाठी तो आत आला तर खालच्यानं दार अडवायचं नाही. हे सगळे तुकडे मी कोर्टात ऐकले होते, सुटे सुटे, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या भांडणांतून. असे एकाखाली एक उभे राहिलेले कधी ऐकले नव्हते. ज्या माणसानं उंच इमारतींच्या पोटात शिरून कुठला भार कुठं टेकतो ते हातानं चाचपलं होतं तोच हे असं सांगू शकत होता. पुढं काय येणार हे मला माहीत नव्हतं! एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला पुढचं वाक्य माहीत नव्हतं. मी त्याच्या मागं धावत होते, बोटं आखडली होती, मनगट पेटलं होतं, पानावरून पान उलटत होतं, आणि मला इतका आनंद होत होता की पर्यवेक्षक दोनदा उठून बघून गेला. कुणाच्या तरी उपयोगी पडण्याचं ते जुनं ऊबदार सुख हे नव्हतं. त्यात मी मोठी असायचे. इथं मी कुठंच नव्हते, नुसता हात होता, आणि तो हात सुखात होता. घंटा झाली तेव्हा आम्ही शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर होतो आणि तो मी पूर्ण केला.

निकाल पाच आठवड्यांनी लागला, परीक्षा विभागाच्या तळमजल्यावरच्या खिडकीत. लांब रांग होती. तो माझ्या दंडाला धरून उभा होता. आधी विचारून मी दंड पुढं केला होता. त्याची बोटं गार पडली होती. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती, आमच्याकडे न बघता पर्स उघडत आणि बंद करत. खिडकीतल्या कारकुनानं क्रमांक विचारला, कागद शोधला आणि सरकवताना मला म्हणाला, "तुम्ही कोण ह्यांच्या? आई?" मी ऐकलंच नाही. मी कागद वाचत होते. एकदा वाचला, दुसऱ्यांदा आकड्यावर बोट ठेवून वाचला.

"किती?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"त्रेपन्न. पास."

त्यानं मान वर केली. मग चेहऱ्यावर हळूहळू मिस्कील हसू पसरलं आणि तो माझ्याकडे वळला.

"त्यातले तुमचे किती, ताई?"

"एकही नाही!" मी म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की सगळी रांग वळून बघायला लागली.